प्रयोगाआधीचे प्रात्यक्षिक

तालुक्याच्या गावातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा कार्यभार माझ्याकडे आला, तेव्हा पहिले काम जडसंग्रह नोंदवही आणि प्रत्यक्ष सामान यांचा ताळमेळ घालण्याचे होते. सुरक्षेच्या साधनांपुरते पाहिले तर नोंदवहीत काहीही कमी नव्हते. गॉगल होते, पण ते प्लास्टिकच्या वेष्टनासह कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, कुलपात होते. रबरी हातमोजे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. अग्निशामक दाराच्या मागे टांगलेला होता आणि दार उघडले की तो दिसेनासा होत असे. त्याच्यावरच्या चिठ्ठीवरील पुनर्भरणाची तारीख उलटून गेली होती. वाळूच्या बादल्यांत फाटलेले गाळणकागद आणि आगपेटीच्या काड्या साचल्या होत्या. विषारी वायूंचे प्रयोग करण्यासाठी बांधलेल्या फ्यूम चेंबरमध्ये जुन्या बाटल्या खच्चून भरलेल्या होत्या, तर प्रथमोपचार पेटीची किल्ली कार्यालयात होती. तपासणीला कोणी आले असते तर सर्व साधने ‘उपलब्ध’ आहेत असाच शेरा मिळाला असता. त्यांपैकी एकही साधन अडचणीच्या क्षणी मुलाच्या अंगावर किंवा हाताशी नसते, ही गोष्ट मात्र त्या शेऱ्यात कोठेही आली नसती.

मुख्याध्यापकांशी बोलून मी असे ठरवले की अकरावीच्या नव्या तुकडीला ही साधने वापरायला शिकवूनच पहिली बाटली उघडू द्यायची. ब्युरेटचे, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने सोडून मोजायच्या नळीचे, वाचन घेणे जसे शिकवावे लागते, तसेच गॉगल घालणे, हातमोजा काढणे आणि डोळा धुणे हेही शिकवावेच लागते. भिंतीवर सूचनांचा तक्ता लावल्याने ते हाताला येत नाही. अभ्यासक्रम मागे पडेल अशी शंका सहकाऱ्यांनी काढली आणि ती रास्त होती. म्हणून प्रात्यक्षिकांच्या सुरुवातीच्या तासिकाच मी या कामासाठी घेतल्या आणि मुलांना त्याची नोंद जर्नलमध्ये रीतसर साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष अशा क्रमाने लिहायला लावली.

पहिला प्रश्न पायांचा निघाला. आपल्याकडील बहुतेक शाळांप्रमाणे आमच्याकडेही प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला-बूट काढून आत जाण्याची पद्धत होती. ती स्वच्छतेपोटी आणि विद्येच्या जागेविषयीच्या आदरातून आलेली आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या खोलीत परीक्षानळ्या फुटतात आणि फरशीवर आम्लाचे थेंब सांडतात, तेथे साठ मुलांनी अनवाणी वावरणे धोक्याचे आहे. फुटलेल्या काचेचा बारीक कण झाडूने निघत नाही आणि ओघळून खाली आलेले रसायन सर्वांत आधी पायावरच पडते. पुढून बंद असलेले बूट घालूनच आत यायचे, असा नियम केल्यावर काही मुलांकडे चपलेवाचून दुसरे काहीच नाही, हे लक्षात आले. अशा मुलांना वर्गाबाहेर उभे करणे मला कदापि मान्य नव्हते. बारावी होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांना निरोप पाठवून आम्ही वापरण्याजोगे कॅनव्हासचे आणि शाळेच्या गणवेशाचे बूट गोळा केले, ते धुऊन मापांप्रमाणे दाराशी मांडले. पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या बुटांसाठी पायपुसणी आणि पाण्याची बादली ठेवली. मामा, म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, सुरुवातीला नाराज होते, कारण फरशी पुसण्याचे काम वाढले होते. तेव्हा दर आठवड्याला एका गटाने फरशी पुसायची, असे ठरवून घेतले.

गॉगलच्या बाबतीत मात्र मला बराच वेळ द्यावा लागला. कपाटातील गॉगल बाहेर काढून पाहिले तेव्हा त्यांच्या बाजूच्या पट्ट्यांवर सरळ आरपार भोके दिसली. असे गॉगल धातू घासताना उडणाऱ्या कणांसाठी ठीक असतात, परंतु द्रवाचा शिंतोडा त्या भोकांतून थेट आत जातो. रसायनांसाठी जे गॉगल लागतात त्यांत हवा जाण्याची वाट झाकलेली आणि वळणाची असते, शिवाय त्यांची कड कपाळाला आणि गालाला सर्व बाजूंनी टेकते. हा फरक तोंडी सांगून मुलांना पटला नसता, म्हणून तो प्रयोगाने दाखवला. टोप्यांच्या दुकानात असते तसे थर्मोकोलचे एक डोके आणले, गाळणकागद फिनॉल्फ्थॅलिनच्या, म्हणजे चुन्याची निवळी लागताच गुलाबी होणाऱ्या दर्शकाच्या, द्रावणात बुडवून वाळवले आणि त्याचे दोन गोल तुकडे डोळ्यांच्या जागी टाचणीने बसवले. त्यावर आधी साधा नंबरचा चष्मा, मग जुना भोकांचा गॉगल आणि शेवटी नवा झाकलेल्या झडपांचा गॉगल चढवून प्रत्येक वेळी नवे कागद लावले आणि धावनबाटलीने समोरून, वरून आणि बाजूने चुन्याच्या निवळीचे तुषार उडवले. चष्म्याखालच्या कागदावर वरच्या कडेला आणि कानाच्या बाजूला गुलाबी ठिपक्यांची दाटी झाली. जुन्या गॉगलखाली ठिपके थोडे होते, पण ते नेमके भोकांच्या रेषेत उमटले होते. तिसऱ्या वेळी कागद पांढराच राहिला. “मॅडम, मला चष्मा आहे, मला गॉगल कशाला?” असे विचारणारा मुलगा पुढच्या बाकावरच होता, त्यानेच ते तीनही कागद जर्नलमध्ये चिकटवण्यासाठी मागून घेतले. चष्म्यावरून घालता येतील असे रुंद गॉगल आम्ही वेगळे मागवले, कारण चष्मा काढून गॉगल घालणाऱ्या मुलाला मोजपात्रावरच्या रेषा दिसत नाहीत आणि मग तो गॉगल वर सरकवतो.

डोळ्याला नेमका धोका कशाचा, हे सांगताना मला एक समज दूर करायची होती. आम्ल तेवढे भयंकर आणि अल्कली (चुना, सोडिअम हायड्रॉक्साइड यांसारखे आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ) सौम्य, असे मुलांनाच काय, पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटते. दोन पेट्री डिशमध्ये अंड्याचा पांढरा बलक घेऊन एकात मी संहत, म्हणजे तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि दुसऱ्यात सोडिअम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणाचे काही थेंब टाकले. आम्लाच्या डिशमध्ये बलक तत्काळ पांढरा, अपारदर्शक झाला. दुसऱ्या डिशमध्ये काहीच घडले नाही असे वाटत होते. परंतु थोड्या वेळाने काचेच्या कांडीने हलवून पाहिले तर बलक आतपर्यंत जेलीसारखा घट्ट झाला होता. आम्लामुळे पृष्ठभागावरची प्रथिने साकळतात आणि त्यामुळे ते पुढे सरकण्याला काही अंशी अडथळा होतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातील मेदाचे साबण करीत खोल उतरत जाते. पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब हातात फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाल्याच्या घटना आपल्याकडे नेत्रतज्ज्ञांना चांगल्या परिचित आहेत, तेव्हा या प्रयोगाचा संबंध घराशीही आहे. ज्याच्या नावाचा बर्नर आपण रोज वापरतो, त्या रॉबर्ट बुन्सेन यांचा एक डोळा कॅकोडिल या आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात गेला, हेही मी त्याच तासाला सांगितले. इतक्या कुशल रसायनशास्त्रज्ञाच्या हातूनही भांडे फुटते, तर गॉगल ही अननुभवी माणसाने वापरायची वस्तू आहे, असे म्हणायला जागा उरत नाही.

गॉगल योग्य मिळाले तरी ते डोळ्यांवर टिकवणे हे निराळेच काम आहे. पावसाळ्यातील दमट हवेत आणि बर्नरच्या उष्णतेत त्यांच्या आतल्या बाजूला वाफ धरते, समोरचे धूसर होते आणि मुले नकळत तो कपाळावर चढवतात. आतल्या बाजूला साबणाच्या पाण्याचा पातळ थर देऊन मऊ कापडाने टिपला, की वाफ बरीच कमी धरते. कोरड्या फडक्याने किंवा ओढणीने पुसल्यास काचेवर ओरखडे येतात, म्हणून गॉगल आधी पाण्याखाली धरायचा, हेही शिकवले. पट्टा कानावरून न घेता डोक्याच्या मागे, सर्वांत फुगीर भागाच्या किंचित वर बसवायचा. मान खाली करून हलवल्यावर गॉगल घसरला नाही म्हणजे तो नीट बसला. सर्वांत जास्त वाद झाला तो गॉगल केव्हा काढायचा यावर. स्वतःचा प्रयोग संपला, की मुले तो काढून ठेवीत. परंतु शेजारच्या मुलाची परीक्षानळी अजून ज्योतीवर असते आणि तिचे तोंड कोणाकडे वळेल याचा भरवसा नसतो. म्हणून शेवटच्या गटाची भांडी धुऊन होईपर्यंत कोणीही गॉगल काढायचा नाही आणि शिक्षकांसह, परिचरांसह, निरोप घेऊन आत आलेल्या शिपायालासुद्धा तो घालावा लागेल, असे ठरले. त्यासाठी दाराच्या चौकटीला दोन जादा गॉगल अडकवून ठेवले.

अॅप्रन हा विषय सोपा असेल असे वाटले होते, पण त्यातही बघण्यासारखे बरेच होते. दुकानात मिळणारे पांढरेशुभ्र अॅप्रन बहुधा पॉलिस्टरमिश्रित कापडाचे असतात. ते लवकर चुरगळत नाहीत म्हणून पालकांना आवडतात, परंतु ज्योत लागली की कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेत आपोआप पेट घेणारे एक रसायन सांडून २३ वर्षांची संशोधन सहायिका भाजली. तिच्या अंगात अॅप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता; जानेवारी २००९ मध्ये तिचा मृत्यू झाला. ही घटना मी पालकसभेत सांगितली, कारण कापडाची निवड पालक करतात. जाड सुती कापड, पूर्ण बाह्या आणि गुडघ्यापर्यंतची लांबी एवढेच मागणे होते. गावातील शिंप्याकडून साध्या गुंड्यांच्या जागी टिचबटणे लावून घेतली, म्हणजे कापडावर आम्ल सांडले तर दोन्ही बाजू धरून एका झटक्यात अॅप्रन उतरवता येतो. मुलींच्या ओढण्या अॅप्रनच्या आत, वेण्या वर बांधलेल्या आणि माझा स्वतःचा पदर पिन लावून कमरेला खोचलेला असेल, याकडे मी दररोज लक्ष देते. अॅप्रन घालून उपाहारगृहात किंवा बसस्थानकावर जाणे बंद केले. प्रयोगशाळेतच खुंट्या ठोकून घेतल्या आणि ते घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत, अशी सूचना दिली.

हातमोज्यांविषयी माझे मत इतरांपेक्षा थोडे वेगळे आहे. ते सदासर्वकाळ घालायचे साधन नाही. बर्नरजवळ काम करताना पातळ हातमोजा वितळून बोटाला चिकटू शकतो आणि सैल मोज्यातून काचेचे भांडे निसटते. शिवाय कोणताही एक हातमोजा सर्व रसायनांना पुरत नाही: नायट्राइल या कृत्रिम रबराचा हातमोजा आमच्याकडील विरल आम्लांना आणि अल्कलींना चांगला उपयोगी पडतो, पण अॅसिटोन हा द्रावक त्यातून थोड्याच वेळात पार जाते. म्हणून कोणत्या प्रात्यक्षिकाला हातमोजे घालायचे आणि कोणत्या प्रात्यक्षिकाला ते घालायचेच नाहीत, हे मी प्रत्येक प्रयोगाच्या कृतीत लिहून दिले. घालण्यापूर्वी त्यात हवा भरून, मनगटाशी पिळून छिद्र आहे का ते पाहायचे, हे मुले लगेच शिकली. काढण्याची रीत मात्र त्यांच्या हाताला उशिरा आली. एका हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची कड चिमटीत धरून तो उलटा करीत काढायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीत घ्यायचा आणि मग उघड्या बोटाने दुसऱ्या हातमोज्याच्या आतल्या बाजूला शिरून तोही उलटा करायचा, म्हणजे बाहेरची बाजू कातडीला लागत नाही. हे तपासण्यासाठी हळदीचा उपयोग झाला. हातमोजे घातलेल्या हातांना पाण्यात कालवलेली पातळ हळद फासायची, ते काढायचे आणि नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा मनगटावरून आणि बोटांवरून फिरवायचा. जेथे हळद लागली असेल तेथे लाल डाग उमटतो. पहिल्या खेपेस जवळजवळ सगळ्यांच्या मनगटांवर लाल रेघा उमटल्या आणि हे डाग हळदीऐवजी सिल्व्हर नायट्रेटचे किंवा आम्लाचे असते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज पडली नाही. हातमोजा घालून दाराची कडी, जर्नल, पेन किंवा मोबाइल यांना हात लावायचा नाही, हा नियम त्यानंतर मुलांनी आपण होऊन एकमेकांना सांगायला सुरुवात केली.

या सगळ्यात ज्यांना सर्वांत जास्त धोका होता, त्यांचा विचार मात्र कोठल्याही सूचनापत्रकात नव्हता. मुलांच्या बाकावर पोहोचते ते विरल आम्ल. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची अडीच लिटरची बाटली उघडणे, ते पाण्यात मिसळून विरल द्रावण तयार करणे, ब्रोमीन पाणी भरणे, सांडलेले पुसणे हे सारे मुले येण्याआधी मामा करतात. वर्षानुवर्षे ते बाटली गळ्याला धरून उचलत आणि उघड्या डोळ्यांनी ओतत आले होते. त्यांच्यासाठी संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल, कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे आणि रबरी एप्रन घेतला. ढालीच्या आत गॉगलही घालायचा, कारण ढाल खालून उघडी असते. बाटली एका खोल प्लास्टिकच्या बादलीत ठेवून बादलीसकट न्यायची, म्हणजे ती फुटली तरी आम्ल बादलीतच राहते. आम्ल सावकाश पाण्यात सोडायचे, पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. चंचुपात्र थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून कांडीने ढवळत राहण्याची त्यांची रीत मी मुलांना दाखवली. पहिल्या दिवशी ती ढाल घालून मुलांसमोर उभे राहताना त्यांना संकोच वाटत होता. “मामा, तुमचं बघून आम्ही शिकणार आहोत,” असे एका मुलीने म्हटल्यावर तो संकोच गेला. प्रयोगशाळेच्या सुरक्षेसाठी खर्चाची पहिली मंजुरी मिळेल तेव्हा ती परिचरांच्या साधनांसाठी वापरावी, असे मी इतर शाळांतील शिक्षकांनाही आवर्जून सांगते.

डोळे धुण्याची सोय करताना आधी हिशोब मांडला. रसायन डोळ्यात गेल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा लागतो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मान्य असलेल्या अमेरिकी मानकाप्रमाणे दर मिनिटाला निदान दीड लिटर पाणी सतत मिळायला हवे, म्हणजे एकूण साडेबावीस लिटर. प्रथमोपचार पेटीतील अर्ध्या लिटरची बाटली या हिशोबाने २० सेकंदांत संपते. ती नळापर्यंत पोहोचेस्तोवर उपयोगी पडेल, त्यापुढे नाही. आमच्या शाळेत टाकीचे पाणी दुपारी संपत असे आणि प्रात्यक्षिके दुपारीच असत. म्हणून छतावर फक्त या कामासाठी २०० लिटरची वेगळी टाकी बसवली आणि बेसिनला दोन तोंडांचा, वरच्या दिशेने सौम्य धार सोडणारा नळ जोडला. त्याची तरफ एकदा दाबली की पाणी सुरूच राहते आणि दोन्ही हात पापण्या उघड्या धरण्यासाठी मोकळे राहतात. मुलांनी बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजला, तो मिनिटाला सहा लिटर भरला. १५ मिनिटांना ९० लिटर, म्हणजे एका टाकीत दोघांपुरते पाणी. साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि गंज धरू नये म्हणून दर सोमवारी ते पाणी काही वेळ सोडून द्यायचे, याची वही मुलेच ठेवतात.

मग सराव घेतला. एका मुलाचे डोळे रुमालाने बांधायचे, त्याने जागेवरून हाक द्यायची, जोडीदाराने त्याला दंडाला धरून नळाशी न्यायचे आणि तरफ दाबायची. दहा सेकंदांत नळाशी पोहोचायला हवे, हे त्या मानकाचेच प्रमाण आहे. सुरुवातीला कोणीही वेळेत पोहोचले नाही आणि त्याचे कारण पाहताक्षणी दिसले: दोन बाकांमधल्या वाटेत दप्तरे ठेवलेली होती, स्टुले बाहेर ओढलेली होती. दप्तरे त्याच दिवशी व्हरांड्यात गेली. डोळा मिटण्याची क्रिया इतकी तीव्र असते, की धुताना जोडीदाराला बोटांनी वरची आणि खालची पापणी दूर धरावी लागते, बुबुळ वर-खाली आणि दोन्ही बाजूंना फिरवायला सांगावे लागते. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास धुणे सुरू ठेवूनच ती काढावी लागते. आम्ल गेले म्हणून डोळ्यात सोड्याचे पाणी घालायचे नाही, पाण्यावाचून दुसरे काहीही घालायचे नाही, हे मी मुलांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले.

फ्यूम चेंबर रिकामे केल्यावर त्याचा पंखा चालू लागला, पण हवा खरोखर बाहेर जाते का हे पाहायला हवे होते. आतील व आसपासची सर्व ज्वलनशील द्रव्ये हलवून पेटलेली उदबत्ती काचेच्या झडपेच्या कडेने फिरवली. झडप पूर्ण उघडी असताना धूर खोलीत येत होता; ती खाली ओढत नेली तसा एका उंचीनंतर धूर सरळ आत ओढला जाऊ लागला. त्या उंचीवर तांबड्या रंगाची पट्टी लावली. क्लोराइड आणि नायट्रेट ओळखण्याच्या परीक्षांत बाहेर पडणारे वायू आता त्या पट्टीच्या खालीच हाताळले जातात आणि भांडे कडेपासून वीतभर आत असते.

आगीच्या साधनांपैकी अग्निशामक पुनर्भरणासाठी पाठवला आणि तो दाराच्या बाहेरच्या बाजूला, सर्वांच्या छातीच्या उंचीवर लावून घेतला. कोरड्या भुकटीच्या नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला पाहता येते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला असा काटा नसतो, ते वजन करूनच तपासावे लागते आणि ते चालवताना त्याच्या भोंग्याला हात लावायचा नाही, कारण तो बर्फापेक्षाही फार थंड होतो. पुनर्भरण करणाऱ्या माणसाने मैदानावर एका परातीत डिझेल पेटवून दाखवले: खिळा ओढायचा, नळीचे तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरता तळाशी धरायचे, मूठ दाबायची आणि धार दोन्ही बाजूंना फिरवायची. सर्व शिक्षकांनी आणि मामांनी ते स्वतः करून पाहिले. नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते, हे तेव्हाच कळते. कपड्यांनी पेट घेतल्यास पळायचे नाही, जमिनीवर आडवे होऊन लोळायचे आणि जोडीदाराने अंगावर पांघरूण टाकायचे. काचतंतूंचे पांघरूण येईपर्यंत आम्ही धनगरी घोंगडी वापरायचे ठरवले, पण बाजारात घोंगडी म्हणून मिश्र धाग्याचेही विकले जाते. कडेचा एक धागा उपटून ज्योतीत धरला. केस जळाल्याचा वास येऊन तो काळा पडला आणि ज्योत दूर नेताच विझला, तेव्हा ती शुद्ध लोकरीची असल्याची खात्री झाली. दुसऱ्या एका घोंगडीचा धागा वितळून त्याचा टणक मणी झाला, ती परत केली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर क्षार ओळखण्याची प्रात्यक्षिके सुरू होती. क्षारात अमोनिअम मूलक हा घटक आहे का, हे तपासण्यासाठी एक मुलगा परीक्षानळीत सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण तापवत होता. नळी ज्योतीवर न हलवता धरली गेल्यामुळे द्रावणाने एकदम उसळी घेतली आणि ते समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर उडाले. तिने डोळे मिटून हाक दिली, शेजारच्या मुलीने तिचा दंड धरला आणि कोणी काही विचारण्याआधी दोघी नळाशी होत्या. गॉगल न काढता आधी कपाळ, गाल आणि गॉगलच्या कडा धुतल्या. नंतर मान पुढे झुकवून, पट्टा मागून सोडवून गॉगल खाली उतरवला, म्हणजे कडेला साठलेले पाणी डोळ्यात आले नाही, आणि मग डोळेही धुतले. मी घड्याळ पाहत उभी होते. १५ मिनिटे होईपर्यंत मी तिला हलू दिले नाही. गालावर दोन ठिकाणी लालसर डाग होता. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी डोळे तपासले आणि ते निर्दोष असल्याचे सांगितले. परत आल्यावर बाजूला ठेवलेल्या गॉगलच्या काचेवर, झडपेच्या झाकणाजवळ वाळू लागलेल्या एका थेंबाला ओला लाल लिटमस लावला, तो निळा झाला. तो थेंब उजव्या डोळ्याच्या बरोबर समोर होता. त्या मुलाला कोणी दोष दिला नाही. परीक्षानळीचे तोंड माणसांपासून दूर, भिंतीकडे ठेवून ती सतत हलवत तापवण्याचा सराव त्याने दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यावर केला आणि त्याच्याबरोबर सगळ्या गटानेही केला. संध्याकाळी मुलीचे वडील आले. त्यांनी तो गॉगल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि “मॅडम, असा एक मला फवारणीसाठी कोठे मिळेल?” असे विचारले. कीटकनाशक फवारताना ते डोक्याला नुसता गमछा बांधत होते. त्यांना दुकानाचा पत्ता दिलाच, शिवाय हातमोजा काढण्याची रीतही त्यांच्या मुलीने त्यांना तेथेच करून दाखवली.

बारावीच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत या कौशल्याला स्वतंत्र गुण नाहीत, ते असावेत असे माझे ठाम मत आहे. तोवर आमच्या अंतर्गत मूल्यमापनात मी त्याची तपासणी तोंडी प्रश्नांऐवजी कृतीतून घेते: हातमोजा काढून दाखव, डोळे मिटून नळ गाठ, या आगीसाठी कोणते नळकांडे उचलशील ते उचलून दाखव. मार्च महिन्यात सर्व गॉगल साबणाच्या पाण्याने धुऊन, ओरखडे आलेले आणि पट्टा सैल झालेले वेगळे काढले आणि नव्या वर्षाच्या मागणीपत्रात त्यांची संख्या लिहिली. संपूर्ण अंगावर पाणी सोडणारा आपत्कालीन शॉवर आमच्याकडे अजून नाही. त्यासाठी मोठी टाकी, जाड नळ आणि फरशीला उतार देऊन मोरी लागते. त्याचा आराखडा व अंदाजपत्रक संस्थेकडे दिले आहे आणि ते मंजूर होईपर्यंत बेसिनच्या शेजारी लांब रबरी नळी जोडून ठेवली आहे. जुन्या कपाटाचे कुलूप काढून टाकले आहे. त्या फळीवर आता फक्त मापांप्रमाणे लावलेल्या हातमोज्यांच्या पेट्या आहेत.